टोमोसिंथेसिस घेण्याआधी आणि घेतल्यानंतर : ठाणे-नवी मुंबईतील इमेजिंग केंद्रांसाठी मार्गदर्शन

घोडबंदर रोडपासून ऐरोली, वाशी, खारघर आणि पनवेलपर्यंतच्या अनेक इमेजिंग केंद्रांत डिजिटल मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढण्याचे, यंत्र आता रुळले आहे. यंत्र जुने होत आले, की टोमोसिंथेसिस, म्हणजे बोलीत ज्याला थ्रीडी मॅमोग्राफी म्हणतात ते, घ्यावे का, हा विषय निघतो. केंद्राचे मालक किमतीचा अंदाज मागवतात, कंपनीचा प्रतिनिधी सुंदर प्रतिमा दाखवून जातो आणि ज्या रेडिओलॉजिस्टांनी त्या प्रतिमा वाचून खाली सही करायची असते, त्यांचे मत बहुतेक वेळा सर्वांत शेवटी विचारले जाते. हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पायऱ्या त्या दृष्टीने मांडल्या आहेत. त्या केंद्रचालकांसाठी आहेत, आणि दोन-तीन केंद्रांत फिरून काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्टांसाठीही आहेत.

पहिली पायरी : आपल्याकडे कोण येते, ते मोजा

मागील वर्षभराचे मॅमोग्राफीचे रजिस्टर काढा आणि आलेल्या स्त्रियांचे दोन गट करा : स्तनात गाठ हाताला लागली, स्राव आला किंवा दुखते म्हणून आलेल्या, आणि कोणतीही तक्रार नसताना तपासणीसाठी आलेल्या. युरोपातील देशांप्रमाणे ठरावीक वयाच्या प्रत्येक स्त्रीला पत्र पाठवून मॅमोग्राफीला बोलावणारी सार्वत्रिक योजना भारतात नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटासाठी आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने स्तन तपासण्याची पद्धत आहे. त्यामुळे खासगी केंद्रात येणाऱ्यांमध्ये तक्रार असलेल्यांचे प्रमाण साहजिकच मोठे असते, आणि हेल्थ चेकअप पॅकेजमधून येणाऱ्या निरोगी स्त्रिया हा दुसरा गट असतो.

हे मोजणे महत्त्वाचे अशासाठी, की टोमोसिंथेसिसचा फायदा दोन्ही गटांत सारखा नसतो. बोटाला स्पष्ट लागणारी तीन सेंटीमीटरची गाठ असेल, तर निदानाचा मार्ग सोनोग्राफी आणि सुईच्या बायॉप्सीतून जातो. तेथे टोमोसिंथेसिस त्याच स्तनात आणखी काही आहे का, दुसरा स्तन स्वच्छ आहे का, हे सांगण्यास मदत करते, परंतु मूळ निदान त्यावर अवलंबून नसते. तक्रार नसलेल्या आणि दाट स्तन (चरबी कमी, ग्रंथींची ऊती जास्त) असलेल्या स्त्रीच्या बाबतीत चित्र बदलते, कारण साध्या मॅमोग्राफीत ऊतींचे थर एकमेकांवर पडून लहान गाठ झाकली जाते. टोमोसिंथेसिसमध्ये एक्स-रे ट्यूब कमानीत फिरत कमी मात्रेच्या अनेक प्रतिमा घेते आणि त्यांतून संगणक साधारण एक मिलिमीटर अंतराचे काप तयार करतो. कापांमुळे थर वेगळे होतात. तंत्राचे सारे बळ या एका गोष्टीत आहे, आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे : सगळीकडे सारखीच पांढरी ऊती असलेल्या अतिदाट स्तनात गाठीभोवती चरबीची कड नसेल, तर काप पाडूनही ती दिसेलच असे नाही.

दुसरी पायरी : परदेशी आकडे आपल्या खोलीत आणून वाचा

अमेरिकेत पहिल्या टोमोसिंथेसिस यंत्राला फेब्रुवारी २०११ मध्ये मान्यता मिळाली. नॉर्वेतील ऑस्लो येथील २०१३ च्या अभ्यासात साध्या डिजिटल मॅमोग्राफीला टोमोसिंथेसिसची जोड दिल्यावर दर हजारी सापडणाऱ्या कर्करोगांची संख्या ६.१ वरून ८.० वर गेली. अमेरिकेतील १३ केंद्रांच्या साडेचार लाखांहून अधिक तपासण्यांवर आधारलेल्या २०१४ च्या अभ्यासात पुन्हा बोलवाव्या लागणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दर हजारी १०७ वरून ९१ वर आले आणि सापडलेले कर्करोग ४.२ वरून ५.४ वर गेले. हे आकडे प्रत्येक सादरीकरणात दाखवले जातात. नॉर्वेतीलच बर्गेन येथील २०१९ च्या चाचणीत मात्र टोमोसिंथेसिस आणि डिजिटल मॅमोग्राफी यांच्या शोधण्याच्या दरात लक्षणीय फरक आढळला नाही. हा आकडा सादरीकरणात सहसा नसतो. तो आपणच विचारावा.

यातील पुन्हा बोलावण्याचा मुद्दा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. तिकडे स्त्री मॅमोग्राफी करून घरी जाते, प्रतिमा नंतर वाचली जाते आणि शंका आली तर तिला पत्राने किंवा फोनने परत बोलावतात. मधल्या दिवसांची चिंता, रजा, प्रवास हा सारा त्या आकड्यामागचा खर्च आहे. ठाण्यातील बहुतेक केंद्रांत रेडिओलॉजिस्ट शेजारच्याच खोलीत असतो आणि शंका आली की त्याच वेळी सोनोग्राफी करतो. त्यामुळे पुन्हा बोलावणे कमी होईल, या एकाच कारणासाठी यंत्र घेणाऱ्या केंद्राची निराशा होण्याची शक्यता अधिक आहे. आपल्याकडे लाभ निराळ्या जागी आहे : गाठीची कड नीट दिसणे, ऊतींची ओढाताण म्हणजे आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन सापडणे आणि जुन्या प्रतिमा हाताशी नसताना अधिक खात्रीने ‘काही नाही’ असे म्हणता येणे. जुने अहवाल घरी राहिले, फिल्मा पावसात चिकटल्या, पूर्वीचे केंद्र बंद झाले, या गोष्टी आपल्याकडे इतक्या नेहमीच्या आहेत, की हा शेवटचा लाभ मी सर्वांत वर ठेवतो.

तिसरी पायरी : रेडिओलॉजिस्टांची मते एकेकट्याने घ्या

सामूहिक बैठकीत ज्येष्ठ डॉक्टर एकदा बोलले, की बाकीचे मान डोलावतात. म्हणून प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे आणि त्यांचे आक्षेप चार प्रकारांत नोंदवावेत : पुराव्याबद्दलचे, वेळेबद्दलचे, मानधनाबद्दलचे आणि जबाबदारीबद्दलचे. वरकरणी सगळे आक्षेप पुराव्याचे वाटतात, पण थोडे खोलात गेल्यावर बरेचसे उरलेल्या तीन प्रकारांत निघतात, आणि त्यांत कमीपणाचे काही नाही.

वेळेचा आक्षेप खरा आहे. ऑस्लोच्याच अभ्यासात एका तपासणीच्या वाचनाचा सरासरी वेळ ४५ सेकंदांवरून ९१ सेकंदांवर, म्हणजे दुपटीवर गेला. ज्या रेडिओलॉजिस्टला अहवालागणिक मानधन मिळते, त्याने दुप्पट वेळ देऊन तेवढेच पैसे घ्यावेत, अशी अपेक्षा ठेवली तर तो काप भराभर सरकवून मोकळा होईल, किंवा कापांपासून बनलेली एकत्रित द्विमितीय प्रतिमा पाहूनच अहवाल लिहील. दोन्हींत यंत्राचा खर्च वाया जातो. म्हणून टोमोसिंथेसिसच्या अहवालाचे मानधन यंत्राची मागणी नोंदवण्याआधी ठरवावे आणि ते लेखी असावे.

‘सोनोग्राफीत दिसतेच की,’ हा आणखी एक आक्षेप आपल्याकडे वारंवार ऐकू येतो, विशेषतः ज्यांचा सोनोग्राफीवर वर्षानुवर्षांचा हात बसला आहे अशांकडून. त्याला वादाने उत्तर देऊ नये. निदान पक्के झालेल्या जुन्या तपासण्यांचा एक संच एखाद्या परिचित केंद्राकडून नावे काढून मिळवावा, त्यात कर्करोग, साध्या गाठी आणि पूर्ण निरोगी तपासण्या मिसळलेल्या असाव्यात, आणि प्रत्येकाने तो आधी साध्या प्रतिमांवर व काही आठवड्यांनी कापांसह वाचावा. ज्याला फरक जाणवतो त्याचे मत स्वतःहून बदलते. ज्याला जाणवत नाही, त्याचे म्हणणेही तितकेच उपयुक्त असते, कारण आपल्या केंद्राच्या कामात फरक खरोखरच कमी असू शकतो.

जबाबदारीचा आक्षेप मात्र कोणी उघडपणे बोलत नाही. टोमोसिंथेसिसवरच दिसणारी आणि सोनोग्राफीत न सापडणारी डिस्टॉर्शन समोर आली, की पुढे काय करायचे? पुढची पायरी याच प्रश्नाची आहे, आणि माझ्या मते यंत्र घ्यायचे की नाही, हे तिच्यावरच ठरावे.

चौथी पायरी : बायॉप्सीची वाट आधी मोकळी करा

टोमोसिंथेसिस अशा काही गोष्टी दाखवते, ज्या इतर कोणत्याही साधनाने दिसत नाहीत. त्यांतील काही लहान आक्रमक कर्करोग असतात, तर काही रेडियल स्कारसारख्या सौम्य गोष्टी. प्रतिमेवरून दोहोंत खात्रीने फरक करता येत नाही, म्हणून ऊतीचा तुकडा काढावाच लागतो. सोनोग्राफीत जागा दिसली, तर जाड सुईने तुकडा काढणारी नेहमीची कोअर बायॉप्सी पुरते. दिसली नाही, तर टोमोसिंथेसिसच्याच मार्गदर्शनाखाली, शक्यतो व्हॅक्यूम बायॉप्सी (सुईला शोषणाची जोड देऊन काढलेला तुकडा) करावी लागते आणि त्या जागी खुणेची बारीक क्लिप ठेवावी लागते, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याला नेमके ठिकाण कळते.

ही सोय आपल्याकडे नसेल, तर ज्या केंद्रात ती आहे त्यांच्याशी आधी बोलणी करावीत : रुग्ण किती दिवसांत घेतला जाईल, त्यांना आपल्या प्रतिमा कोणत्या स्वरूपात लागतील, खर्च किती येईल, पॅथॉलॉजीचा अहवाल आपल्याला परत मिळेल का. ही व्यवस्था नसलेले केंद्र टोमोसिंथेसिस सुरू करते, तेव्हा रेडिओलॉजिस्ट अवघड जागा पाहूनही ‘सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे लिहू लागतो. दाखवता येते पण तपासता येत नाही, अशा यंत्रापेक्षा जुनी मॅमोग्राफी आणि चांगली सोनोग्राफी परवडली.

पाचवी पायरी : यंत्र निवडताना काय विचारावे

ट्यूब किती अंशांत फिरते, हे पहिले विचारा. बाजारातील काही यंत्रे १५ अंशांत, काही २५ तर काही ५० अंशांत प्रतिमा घेतात. रुंद कोनामुळे खोलीनुसार थर अधिक चांगले वेगळे होतात. अरुंद कोनाची तपासणी लवकर संपते, त्यामुळे हालचालीने येणारा धूसरपणा कमी असतो आणि बारीक कॅल्सिफिकेशनचे (कॅल्शियमच्या कणांचे) पुंजके एका कापात अधिक एकत्र दिसतात. कोणता कोन श्रेष्ठ, याचे एकच उत्तर नाही. कॅल्सिफिकेशनच्या बाबतीत टोमोसिंथेसिस हे मॅग्निफिकेशन प्रतिमेची (त्या जागेच्या मोठ्या करून घेतलेल्या एक्स-रेची) जागा घेत नाही, एवढे मात्र सर्वांनी पक्के लक्षात ठेवावे.

दुसरा प्रश्न किरणांच्या मात्रेचा. साधी मॅमोग्राफी आणि टोमोसिंथेसिस दोन्ही काढल्यास मात्रा साधारण दुप्पट होते. कापांमधूनच संगणकाने द्विमितीय प्रतिमा तयार केली, तर वेगळे एक्सपोजर वाचते. अमेरिकेत अशा संगणकीय प्रतिमेला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ती सोय किमतीत धरली आहे की स्वतंत्र परवान्याचे पैसे लागतील, हे लेखी घ्यावे. प्रात्यक्षिकाला कंपनीने निवडलेल्या प्रतिमा पाहून समाधान मानू नये. ज्या केंद्रात तेच यंत्र दोन-तीन पावसाळे चालले आहे, तेथे जाऊन टेक्निशियनशी बोलावे आणि रोजच्या कामातील दाट स्तनांच्या प्रतिमा पाहाव्यात.

सहावी पायरी : खोली, वीज आणि परवाने

मॅमोग्राफी यंत्र एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमांखाली येते. यंत्राचे मॉडेल मंजूर प्रकारातील असावे, खरेदीपासूनची नोंद मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर व्हावी, बसवल्यानंतर गुणवत्ता चाचणी करून तिचा अहवाल द्यावा आणि चालवण्याचा परवाना हाती आल्याशिवाय एकाही रुग्णाचे एक्सपोजर करू नये. किरण सुरक्षा अधिकारी आणि कर्मचाऱ्यांना लागलेल्या किरणांची मात्रा मोजणारे टीएलडी बॅज ही व्यवस्था केंद्रात आधीपासून असते, पण नव्या यंत्रासाठी नोंदी अद्ययावत कराव्या लागतात. निवासी इमारतीच्या तळमजल्यावर केंद्र असेल, तर सोसायटीतील रहिवाशांना किरणांची धास्ती वाटते. मॅमोग्राफीत वापरले जाणारे किरण कमी ऊर्जेचे असतात, हे समजावून सांगणारी एक बैठक यंत्र येण्याआधी घेतलेली बरी.

डिटेक्टर, म्हणजे किरण टिपून प्रतिमा बनवणारी पाटी, हा यंत्राचा महागडा आणि नाजूक भाग आहे. अमॉर्फस सेलेनियमचे डिटेक्टर तापमानाला विशेष संवेदनशील असतात, म्हणून केंद्र बंद झाल्यावर वीज वाचवण्यासाठी त्या खोलीचा एसी बंद करण्याची सवय मोडावी लागते. जून ते सप्टेंबरमधील दमटपणा आणि मधूनच जाणारी वीज लक्षात घेता डिटेक्टरपुरता वेगळा यूपीएस, दुसरा एसी आणि खोलीत आर्द्रतामापक हा खर्च सुरुवातीलाच धरावा. सर्वसमावेशक देखभाल करारात ट्यूब आणि डिटेक्टर दोन्ही आहेत का, हे करारातील शब्द वाचून पाहावे, तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

सातवी पायरी : पॅक्स आणि मॉनिटर

एका टोमोसिंथेसिस तपासणीत कापांची संख्या स्तनाच्या जाडीप्रमाणे वाढते आणि फाइल काहीशे मेगाबाइटपर्यंत सहज जाते. जुने पॅक्स, म्हणजे प्रतिमा साठवण्याची व दाखवण्याची संगणक प्रणाली, अशा प्रतिमा साठवते, पण नीट दाखवत नाही, असे घडू शकते. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित पद्धतीत टोमोसिंथेसिससाठी स्वतंत्र स्वरूप ठरलेले आहे. आपले यंत्र त्याच स्वरूपात प्रतिमा देते आणि आपले पॅक्स तेच स्वरूप वाचते, याची चाचणी खरेदीपूर्वी दोन्ही कंपन्यांना समोरासमोर बसवून करावी. वाचनासाठी मॅमोग्राफीला योग्य असा ५ मेगापिक्सेलचा मॉनिटर लागतो. पनवेलहून ठाण्याला येता-जाता किंवा घरून लॅपटॉपवर अहवाल देण्याची जी सवय सोनोग्राफी-सीटीच्या काळात लागली आहे, ती येथे चालणार नाही, हे भेट देणाऱ्या रेडिओलॉजिस्टला आधीच सांगावे.

रुग्णाला काय द्यायचे, हाही प्रश्न आहे. फिल्मवर सगळे काप छापता येत नाहीत. द्विमितीय प्रतिमांची फिल्म, ज्या कापात दोष दिसतो तो निवडक काप, आणि संपूर्ण तपासणी सीडी किंवा पेन ड्राइव्हवर, अशी पद्धत ठेवल्यास परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत गेल्यावर स्त्रीची तपासणी पुन्हा करण्याची वेळ टळू शकते.

आठवी पायरी : सुरुवातीचे महिने

अमेरिकेच्या मॅमोग्राफी गुणवत्ता कायद्यानुसार नव्या पद्धतीवर स्वतंत्रपणे वाचन करण्यापूर्वी ८ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते. ते किमान मानावे. सुरुवातीच्या काळात प्रत्येक तपासणी दोघांनी वाचावी, मतभेद झाल्यास तो नोंदवावा आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसून फक्त मतभेदाच्या तपासण्या पाहाव्यात. नवशिक्या वाचकाला प्रत्येक कापात डिस्टॉर्शन दिसू लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दोन्ही व्ह्यूंमध्ये (दोन दिशांनी घेतलेल्या प्रतिमांत) ती जागा आहे का, लागोपाठच्या कापांत ती टिकते का, पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण तर नाही ना, हे तीन प्रश्न विचारल्यावर त्यांतील बऱ्याच गळून पडतात. त्यासाठी टेक्निशियनने तपासणीपूर्वी व्रणाची जागा विचारून नोंदवली पाहिजे.

टेक्निशियनला या साऱ्या चर्चेत दुय्यम समजले जाते, आणि ते चूक आहे. स्तन नीट ओढून घेतला नाही, स्तनामागचा छातीचा पेक्टोरल स्नायू प्रतिमेत आला नाही, तर काप पाडूनही मागच्या भागातील गाठ प्रतिमेबाहेरच राहते. दाब देताना ‘थोडे दाबले जाईल, काही सेकंद श्वास धरून स्थिर राहा, फार दुखले तर सांगा’ एवढे शांतपणे सांगितले, तर हालचाल कमी होते.

नववी पायरी : पुढची तंत्रे, आणि कोठे थांबावे

दाट स्तनांसाठी टोमोसिंथेसिस पुरेसे नाही, हे मत रेडिओलॉजिस्टांमध्ये वाढत आहे आणि त्याला आधार आहे. नेदरलँड्समधील २०१९ च्या चाचणीत अतिदाट स्तनांच्या स्त्रियांना एमआरआयची जोड दिल्यावर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग दर हजारी ५.० वरून २.५ वर आले. ब्रिटनमधील २०२५ च्या ‘ब्रेड’ (BRAID) चाचणीत, मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या दाट स्तनांच्या स्त्रियांमध्ये संक्षिप्त एमआरआयने दर हजारी सुमारे १७, कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीने (शिरेतून औषध देऊन काढलेल्या मॅमोग्राफीने) सुमारे १९ आणि स्वयंचलित सोनोग्राफीने सुमारे ४ कर्करोग अधिक शोधले.

माझ्या मते आपल्या भागातील मध्यम आकाराच्या केंद्राने टोमोसिंथेसिस घेताना त्याच यंत्रावर पुढे कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी करता येईल का, हे अवश्य पाहावे. एमआरआयची वेळ मिळत नाही, खर्च झेपत नाही किंवा बंद जागेची भीती वाटते, अशा स्त्रियांसाठी ती व्यवहार्य आहे. मात्र त्यासाठी आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट शिरेतून द्यावे लागते, म्हणजे मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिन तपासणी, ॲलर्जीची विचारपूस, इंजेक्टर आणि ॲलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेला तोंड देणारी तयारी आलीच. स्वयंचलित सोनोग्राफीचे यंत्र घेतले, तर केवळ स्तनासाठी असले तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालील नोंदणी विसरू नये.

एआयबद्दल घाई नको, पण हेटाळणीही नको. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली संगणकीय खुणा करणारी जुनी प्रणाली विमा परताव्याच्या जोरावर सर्वत्र पसरली, आणि २०१५ मध्ये सव्वासहा लाख मॅमोग्रॅमच्या अभ्यासाने दाखवले की तिच्यामुळे अचूकता वाढली नव्हती. उलट, स्वीडनमधील २०२३ च्या मासाई चाचणीत ८० हजार स्त्रियांच्या तपासणीत एआयच्या साहाय्याने वाचनाचा भार ४४ टक्क्यांनी कमी होऊनही सापडलेले कर्करोग घटले नाहीत. तेथे प्रत्येक तपासणी दोन डॉक्टर वाचतात, म्हणून कमी करण्यासारखा भार होता. आपल्याकडे एकच डॉक्टर वाचतो. येथे एआय दुसऱ्या वाचकाच्या जागी बसवून पाहावे, आणि तेही आपल्याच निदान झालेल्या जुन्या तपासण्यांवर चालवून.

दहावी पायरी : हिशेब ठेवा

वर्षभरानंतर चार आकडे हाती असावेत : किती स्त्रियांना बायॉप्सी सुचवली, त्यांतील किती झाल्या, किती कर्करोग निघाले, आणि किती जागा केवळ टोमोसिंथेसिसवर दिसल्या होत्या. यांतील दुसरा आकडा मिळवणे सर्वांत कठीण असते, कारण बायॉप्सी सुचवलेली स्त्री परळला, खारघरला किंवा गावाकडे निघून जाते आणि तिचा पॅथॉलॉजीचा अहवाल आपल्यापर्यंत येत नाही. म्हणून बीआय-रॅड्स ४ आणि ५ चा (कर्करोगाचा संशय किंवा दाट शक्यता दर्शवणाऱ्या श्रेणींचा) अहवाल देतानाच तिची आणि घरातील एका व्यक्तीची संमती व फोन क्रमांक घ्यावा, पंधरा दिवसांनी फोन करण्याचे काम एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे द्यावे, आणि फोनवर पहिला प्रश्न अहवालाचा नसून तपासणी होण्यात काही अडचण आली का, हा असावा. ज्यांची बायॉप्सी झालेली नाही, त्यांची नावे त्याच दिवशी रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर जावीत.